कोणाजवळ कोण नको

"आण इकडे, हिचं मी लिहितो," असं म्हणत नवरदेवानं नवरीसमोरचा कागद स्वतःकडे ओढला.

लग्नाचं सगळं बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईंनी तो पुन्हा तिच्यापुढे सरकवला. "नाही. ज्याचा कागद त्यानंच भरायचा."

कागदावर वर एकच ओळ छापलेली होती : माझ्याजवळ बसवू नये अशी माणसं. बाईंची ही कामाची पद्धतच होती. जेवण, फुलं, दिवे सगळं नंतर, आधी हा कागद. प्रत्येकानं आपापला भरायचा आणि घडी घालून द्यायचा. बाईंखेरीज तो कोणी वाचायचा नाही. त्या कारण विचारायच्या नाहीत आणि लिहिलेलं मोडायच्याही नाहीत. "तीनशे माणसं आणि एक हॉल," त्या म्हणायच्या. "रुसवेफुगवे मला खुर्च्यांनीच मिटवावे लागतात."

तिच्या आईचा कागद केव्हाच भरला होता. दोन नणंदा, एक चुलतदीर, शेजारच्या काकू आणि वीस वर्षांपूर्वी इस्त्री नेऊन परत न दिलेली मावसबहीण. जागा संपली तेव्हा आईनं कागद उलटा केला. नवरदेवानं 'कोणी नाही' असं झोकात लिहून खाली सही ठोकली होती. सही कोणी मागितली नव्हती.

ती दोघांच्या मध्ये बसली होती. डावीकडे आई, उजवीकडे तो, समोर टेबल, पाठीमागे भिंत. उठायचं म्हटलं तरी आधी कोणाला तरी उठवावं लागलं असतं. समोरच्या भिंतीवर लोखंडी फळा होता. त्यावर हॉलचा नकाशा आणि दर माणसामागे एक चुंबकाचं बटण. स्टेजवर दोन मोठी बटणं चिकटून बसली होती. पांढरं तिचं, काळं त्याचं.

गेले चार महिने हे असंच चाललं होतं. तिच्या कपड्यांचा रंग त्यानं ठरवला. तिच्या मैत्रिणींची यादी त्यानं निम्मी केली. हॉटेलात तिला काय खायचंय तेही तोच सांगायचा. दर अर्ध्या तासानं फोन : कुठे आहेस, बरोबर कोण आहे? ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. गेल्या सोमवारी साहेबांनी बोलावून विचारलं, "राजीनामा मेलवर? अहो, समोर येऊन सांगायचं की!" मेल तिच्याच पत्त्यावरून गेला होता. लिहिला होता त्यानं. "तुझा त्रास वाचवला गं," म्हणाला, आणि वर तिचा गाल ओढला.

हे लग्न तिला नको होतं. आईला तिनं तीनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा आई म्हणाली, "अगं, काळजी करतो तो तुझी." दुसऱ्यांदा म्हणाली, "हॉल ठरलाय." तिसऱ्यांदा आईनं मिक्सर चालू केला.

"लिही ना 'कोणी नाही', किती वेळ तो!" नवरदेवानं घड्याळ पाहिलं. मग बाईंकडे बघून हसला. "हिचं कुणाशी वाकडं असणार? मुंगीलासुद्धा आधी वाट देते ही."

"लहानपणापासून गुणाची आहे हो," आई म्हणाली.

"कोरा दिलात तरी चालेल," बाई तिला म्हणाल्या. "पण तुमचा तुम्ही द्या. सावकाश होऊ दे. मी थांबते."

मी थांबते. चार महिन्यांत तिला हे कोणीच म्हटलं नव्हतं. बाईंनी कानामागची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. पहिल्याच अक्षराला टोक मोडलं. बाईंनी टोक करून दिलं.

ती लिहायला लागली तसा तो डोकावला. तिनं परीक्षेत धरावा तसा तळहात आडवा धरला.

"बघा, बघा! माझ्यापासून लपवते!" तो आईला म्हणाला. आईही हसली. "एखादी आत्या असेल," आई म्हणाली. "लिही बाई, लिही. बरं होईल."

तिनं कागदाची एक घडी घातली, मग आणखी एक, आणि स्वतःच्या हातानं बाईंना दिला.

बाईंनी कागद उघडला. वाचला. चष्मा नीट करून पुन्हा वाचला. मग तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. बाईंनी कारण विचारलं नाही. त्या उठल्या, फळ्याजवळ गेल्या, स्टेजवरचं काळं बटण काढलं आणि आणून नवरदेवापुढे टेबलावर ठेवलं.

"अहो बाई, चुकलात," तो हसत म्हणाला. "हे माझं बटण आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "कागदावर एकच नाव आहे, आणि तेही तुमचंच."