आमटीतला केस

"दुखणार नाही, डाग राहणार नाही, सहा महिन्यांत केस कानाखाली येतील," डॉ. सावेबाईंनी नेहमीची उत्तरं दिली.

"पण गळतील ना?" टक्कल चोळत टिपरेकाकांनी विचारलं.

बाई चमकल्या. बाकी सगळे न गळणारे केस मागायला येत. काकांच्या पत्नी शालनकाकू विंचरून झालं की गुंतवळ खिडकीच्या फटीत खोचायच्या. त्या गेल्यावर काकांनी तोच गोळा इथे आणून दिला होता. त्यातल्या मुळांपासून प्रयोगशाळेत नवी रोपं तयार झाली होती, काकांच्या डोक्यावर लावायला.

"काकूंचे गळायचे?"

"घरभर! साबणाला, उशीला, आमटीत. जन्मभर ओरडलो तिच्यावर."

"मग हेही गळतील. पण औषध देते, थांबेल."

"औषध नको," काका घाईघाईने म्हणाले.

पुढे एका दुपारी आमटीभात कालवताना काकांच्या बोटांना लांब, कुरळा केस लागला. सवयीने ते स्वयंपाकघराकडे वळून खेकसले, "अगं, पुन्हा केस!"

आणि भात पार निवेपर्यंत उलट उत्तराची वाट बघत बसले.