वेलींचा कोपरा

हे लिहिणारच नव्हतो, पण गप्पही बसवेना. शिंगाडे तोडायला हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर बसून सानगडीच्या तलावात गेलेला हिरालालचा बाप कालपासून परतला नव्हता. रिकामी ट्यूब काठाला लागली. तलाव धुंडाळून झाला, दाट वेलींच्या कोपऱ्यात मात्र कोणी बुडी मारायला धजेना. हिरालालचा दोस्त भुपेंद्र, त्याचा भाऊ मागे तिथंच अडकून मेला होता. तलावाने ज्या घरचा माणूस नेला, त्या घरच्यांनी त्यात उतरायचं नाही, ही इथल्या मासेमार ढिवरांची रीत. सकाळपासून भुपेंद्र तलावाच्या बांधावरच्या, पाळीवरच्या मारोतीला विनवून राहिलेला, "देवा, कोणाले तरी धाड." मनात उत्तर एकच, तू जा. शेवटी त्याने शर्ट काढला. "पागल झाला का बे? तुमच्या घरचे उतरत नाहीत," हिरालालने अडवलं. "देव धाडून राहिला, हिऱ्या. भेव लय लागते." पाणी छातीला लागल्यावर तो वळला. "काकाजीले घेतल्याबिगर मी वर येत नाही."