सूचक आणि अनुमोदक

ग्रामसभेत सरपंच वत्सलाताई धुरींनी गावातले पुढचे मृत्यू आधीच सांगणाऱ्या यंत्राने दिलेला कागद वाचायला घेतला. यंदाचा निधी एकाच कामापुरता होता. पिण्याच्या पाण्याच्या झऱ्याचं काम घेतलं नाही, तर वर्षभरात चार जीव जातील. दवाखाना घेतला नाही, तर एक. यंत्र नावंही द्यायचं आणि ते कधी चुकत नसे. झऱ्यापुढे लिहिलेल्या चार नावांत तीन तान्ही पोरं होती. दवाखान्यापुढचं नाव वत्सलाताईंनी त्याच आवाजात वाचलं, “आत्माराम धुरी.” त्यांचे यजमान पहिल्याच रांगेत बसले होते.

“झरा घ्या,” आत्माराम म्हणाले. “सूचक म्हणून माझंच नाव घाला.”

ग्रामसेवकाने लिहून घेतलं. “अनुमोदक कोण?”

एकही हात वर झाला नाही.

“माझं नाव घाला,” वत्सलाताई म्हणाल्या. “पुढचा विषय घ्या.”