सातवा नियम

पाच वाजायला वीस मिनिटं असताना भिवाजीतात्यांनी पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवला आणि अंगणाच्या फाटकाकडे तोंड करून बसले.

गावाच्या पाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे नियम त्यांनीच लिहिले होते. कुणाला काढायचं असेल, तर ॲडमिनने चूक उघड झाल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याच्या दारात जावं, दोष वाचून दाखवावा, त्याच्यासमोर काढावं आणि त्याच्या घरचं पाणी पिऊन निघावं. सहा वर्षांत तात्यांनी असे दहा जण महिना-महिना बाहेर ठेवले होते. प्लॉटच्या जाहिराती टाकणाऱ्या एकनाथने तेव्हा तांब्या अंगणात ओतला होता. परत आल्यावर मात्र तोच सगळ्यांआधी रामराम घालू लागला.

अकरावे आज स्वतः तात्या होते.

गुरुवारी त्यांनी ‘उद्यापासून दोन दिवस पाणी बंद’ अशी सूचना टाकली होती. सही पाहिली, तारीख पाहिली. साल शिक्क्याखाली झाकलं गेलं होतं, ते पाहिलं नाही. सूचना गेल्या वर्षाची होती. गावाने पातेली, पिंपं, बादल्या भरून घेतल्या, टाकी तळाला गेली, आणि शेवटच्या टोकाला असलेल्या धनगरवाड्यात थेंब पोचला नाही. चूक काल संध्याकाळी पाचला उघड झाली. खोट्या बातमीला सभासदाला दोन वेळा समज. ॲडमिनला समज नाही, थेट बाहेर. हा सातवा नियम.

“येत न्हाई ती,” पुतण्या शेखर फाटकात बुलेटवर बसूनच म्हणाला. “म्हसू धनगराची पोरगी तुमच्या दारात यिऊन तुमाला काढणार? हिंजवडीत कंपनीत लागली म्हणून काय झालं?”

“दुसरी ॲडमिन तीच हाय.”

“तुमीच केली. घरचा पुतण्या सोडून.” शेखर हसला. “आन आली तरी काय करणार? ज्यानं ग्रुप सुरू केला त्याला कुणालाच काढता येत न्हाई. मोबाईलच ऐकत न्हाई. पोरीची फजिती व्हायला नको, तर आदी तुमीच तिला काढा. एका बोटाचं काम हाय.”

तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर बत्तीस वर्षं तात्यांनी पिरंगुटच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. दर वर्षी दाब मुद्दाम वाढवत न्यायचा आणि जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या आकड्याला उघडतो का, ते समोर उभं राहून पाहायचं. व्हॉल्व्ह नुसता बसवलेला असून भागत नाही. पाचला दहा कमी झाले तसे त्यांनी घड्याळ दुसऱ्यांदा पाहिलं.

फाटकाबाहेर स्कूटर थांबली. सृष्टी आत आली आणि पायरीखालीच उभी राहिली. हातातल्या कागदाची तिने एवढीशी घडी केली होती.

“तात्या, फोनवरच केलं असतं तर...”

“दहा जणांच्या दारात गेलो मी. अकराव्याला दार न्हाई व्हय? वर ये. वाच.”

तिने वाचलं. आवाज कापत होता. तारीख, सूचना, सातवा नियम, एक महिना. तिने कागद मिटायला घेतला.

“धनगरवाड्याचं सुटलं,” तात्या म्हणाले.

“ते मी लिहिलं नाही.”

“का?”

तिने कागद पुन्हा उलगडला.

“लिही. आन वाच.” त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं.

सृष्टीने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. मग मान वर करून वाचलं, आणि या वेळी आवाज कापला नाही. “धनगरवाड्यात दोन दिवस पाणी आलं नाही. माझ्या आईने ओढ्यावरून आणलं.”

“आता बरोबर हाय. काढ.”

मजा बघायला शेखर बुलेटवरून उतरून पुढे आला. सृष्टीने अंगठा टेकवला. तात्यांच्या मांडीवरचा फोन थरथरला. शेखरने तो उचलला, पाहिला, पुन्हा पाहिला.

“आसं कसं झालं? ग्रुप तर तुमीच सुरू केलेला!”

“माझ्या फोनवरनं केलेला,” तात्यांच्या पत्नी चंद्राबाई दारातून म्हणाल्या. “आन ह्यांनी घटकाभरात मलाच बाहेर पडाया लावलं. दोन दिवस बोलले न्हवते मी ह्यांच्याशी.”

“ॲपची माहिती वाचली व्हती मी आदी,” तात्या शेखरला म्हणाले. “सुरू करणाराला काढता येत न्हाई, आसं लिवलं व्हतं. मग त्यो मी ऱ्हाऊन कसं चालंल?”

शेखरने फोन ओट्यावर ठेवला. बुलेट सुरू करायला त्याला तीन किका माराव्या लागल्या.

तात्यांनी तांब्या पुढे केला. सृष्टीने ओंजळ धरली, पण ते म्हणाले, “तांब्या हातात घे.” तिने मान मागे टाकून, ओठ न लावता, सगळा तांब्या रिकामा केला. मनगटाने हनुवटी पुसली, वाकून नमस्कार केला आणि गेली. पाच वाजायला दोन मिनिटं होती.

“आता उद्या पाणी कवा येणार, ते कसं कळंल?” चंद्राबाईंनी विचारलं.

तात्यांनी ऐकलं नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून फोन उजेडाकडे धरला होता. ‘सृष्टी यांनी तुम्हाला काढले.’ ओळ त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचली. मग, चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडताना पाहून बॉयलरवरून खालच्या फोरमनला मारली होती तशी, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक त्यांनी दोन पावलांवर उभ्या असलेल्या बायकोला मारली.

“अगं ये, बघ! चाललं!”