आईंनी सुचवलेली पुस्तकं

मुलगा जाऊन वर्ष उलटलं, तशी सासू सुनेसाठी वाचनालयातून पुस्तकं आणू लागली. अक्षरओळख तिला साठीनंतर झाली, तीही सुनेनंच करून दिलेली. त्यामुळे ओळीखाली बोट धरून आधी स्वतः वाचायची आणि पसंत पडलं तरच पुढे करायची. सगळी पुस्तकं अलीकडची, प्रेमाची नि जादूची, मुलखामुलखांतल्या लेखिकांची, मराठीत आलेली.

"हे घे. ही बाई ड्रॅगनवर बसते. आणि ही वाळवंटातली, हिला चेटूक येतं, पण माणूस भला भेटतो."

"अहो आई, या वयात प्रेमकथांचं वेड लागलं की काय तुम्हाला?"

"लागू दे. तू वाच मुकाट्यानं."

सून वाचत गेली. एका दुपारी मात्र पुस्तक मिटून ती स्वयंपाकघरात आली. "आई, तुम्ही दिलेल्या प्रत्येक पुस्तकात बाई नवरा गेलेलीच कशी असते? आणि दरवेळी ती नवा संसार मांडायला लांब निघून जाते."

"शोधूनच आणते मी तसली. तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही माझी."

सून ओट्याला टेकली. "आणि ती गेल्यावर मागे सासूचं काय होतं?"

सासूनं नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा विसळायला घेतले.

"ज्यात सासू असते, ते पुस्तक मी घरात आणत नाही."