गोदाची शिदोरी

प्रकाशकांनी कादंबरीचं बाड पिशवीत घातलं, तसा शरयूताईंनी पिशवीचा बंद धरला.

"एक ओळ घालायची राहिलीय."

"ताई, कालही हेच म्हणालात."

शेवटच्या पानावर त्यांची नायिका, गोदा, सासर सोडून एकटीच एसटीत बसत होती. जिच्याशी बोलत इतकी वर्षं स्वयंपाक केला, तिला आपण उपाशीपोटी धाडलं, हे शरयूताईंना आज उमगलं होतं. आणि परक्यांच्या हाती पडल्यावर तिचं खाणंपिणं कोण बघणार?

त्यांनी बाड काढून घेतलं आणि समासात लिहिलं, 'गोदाच्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं होतं.' "आता न्या," म्हणाल्या खऱ्या, पण जीव काही थाऱ्यावर येईना.

प्रकाशकांनी पिशवी स्कूटरला अडकवली. शरयूताई अनवाणीच फाटकापर्यंत धावल्या.

"हळू चालवा. तिला गाडी लागते."