कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं?

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: शाळेचं ग्रंथालय, खिडकीशी एकच संगणक आणि त्यावर ग्रंथपाल घोलपबाईंनी चिकटवलेली चिठ्ठी, 'कोणी लिहिलं? कशावरून लिहिलं?'

त्या दिवशी संस्थेचे सचिव आले आणि कपाटांकडे बघत म्हणाले, "बाई, आता इंटरनेट आलंय. ही खोली रिकामी करू. ग्रंथपाल तरी कशाला हवा?" तीस वर्षं बाईंनीच ती कपाटं सांभाळली होती.

सचिवांनी तिथेच वाचत बसलेल्या सहावीतल्या वेणूला हाक मारली. "काय गं, आपली शाळा कधी सुरू झाली, शोध बघू."

वेणूने क्षणात शोधलं. "सर, या संकेतस्थळावर १९५२ दिलंय."

"बघा बाई, झालं काम!"

"नाही झालं, सर," वेणू म्हणाली. "हे कोणी लिहिलंय ते दिलेलंच नाही."

ती स्टुलावर चढली. बाईंनी कापडात जपून ठेवलेलं शाळेचं पहिलं हजेरीपुस्तक तिने वरच्या फळीवरून काढलं आणि सचिवांपुढे उघडलं. पहिल्याच पानावर जून १९४८ होतं आणि तिसरं नाव सचिवांच्या वडिलांचं होतं.

सचिवांनी त्या नावावरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, खोली राहू दे. आणि तुम्हीही."

बाईंचा ऊर भरून आला. शाबासकी द्यायला त्या वळल्या, तर वेणू केव्हाच संगणकापुढे बसून त्या संकेतस्थळाला लिहीत होती, 'तुमचं साल चुकलं आहे. पुरावा म्हणून पानाचा फोटो जोडते.'